पाठचा भाऊ

“पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!”

आईच्या तोंडून हे शब्द निघाले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली होती, तिच्यामागे चादरीखाली बाबा कायमचे निजले होते, आणि समोर तिची दोन्ही मुलं उभी होती… एक, धावतपळत आल्यामुळे चेहऱ्यावरचा रंगही न पुसलेला, आणि दुसरा मान खाली घातलेला. शब्द त्या दुसऱ्यासाठी होते. थोरल्यासाठी!

“निरोप माझ्याकडे आला होता, आई,” एवढंच थोरला म्हणाला होता. “मीच ह्याला सांगितला नाही. शूटिंग थांबलं असतं.”

“शूटिंग!” आईचा आवाज चिरकला. “इकडे माणूस दाराकडे डोळे लावून गेला रे! शेवटपर्यंत विचारत होता, पोरं आली का, पोरं आली का… आणि तू शूटिंग सांभाळत बसलास? जा. नीघ इथून.”

धाकट्याचे ओठ हलले. पण थोरल्यानं त्याच्याकडे एकदाच असं पाहिलं, की ते ओठ मिटले ते मिटलेच.

खरी गोष्ट निराळी होती. निरोप आला होता तो धाकट्यालाच. त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रसंग त्या दिवशी चित्रित व्हायचा होता, आणि ‘एवढा एक शॉट होऊ दे, मग निघतो’ असं मनाला समजावत तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि दिवस कलला. घरी येताना गाडीत, सेटवर सोबतीला आलेल्या थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं हे कबूल केलं, तेव्हा हुंदक्यांनी त्याला धड बोलताही येत नव्हतं. थोरला त्याच्या केसांतून हात फिरवत राहिला. आईचा सगळा जीव धाकट्यात आहे, हे त्या घरातलं उघड गुपित होतं. नवरा गेला त्याच दिवशी तिच्या काळजातून हा पोरगाही जावा?… छे! त्यापेक्षा आपण गेलेलं बरं. आपल्या जाण्यानं घराचं फारसं अडत नाही, असं थोरल्या मुलांना का कोण जाणे लहानपणापासूनच वाटत असतं.

तर थोरला गेला. त्याच शहरात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन राहिला. खाली दिवसभर मशीन खडखडायचं आणि वर हा एकटा जीव भिंतीकडे बघत पडायचा.

नट तोही होता. खरं सांगायचं तर घरातला पहिला नट तोच. नाटकात त्याचं टाळीचं एक वाक्य जवळून ऐकायला लोक मागच्या रांगेतनं उठून पुढे येत. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा, “एका घरात एक नट पुरे, दोन झाले की आरसा कमी पडतो,” असं हसत म्हणून त्यानं स्वतःचा रंग पुसला आणि धाकट्याचा हात धरून त्याला पुढे केलं. धाकट्याची मालिकाही अशी चालली, की घरोघरी संध्याकाळच्या भाकरी तिच्या वेळेच्या आत थापून व्हायला लागल्या! मग त्याला सिनेमे आले, एक माणूस दोन ठिकाणी उभा राहीना, तारखांवरून बोंबाबोंब सुरू झाली… आणि एके दिवशी धाकट्यासाठी स्वतः रांधलेला डबा घेऊन सेटवर आलेला थोरला दिग्दर्शकाला मागून दिसला. दिग्दर्शकानं टाळीच वाजवली. तेच खांदे, तीच मान, तोच डावीकडे कललेला कान!

या कामाला सेटवर ‘सजेशन’ म्हणतात. पडद्यावर नायिकेचा चेहरा दिसत असतो, ती डोळ्यांत पाणी आणून कुणाशी तरी बोलत असते, आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे कडेला दिसणारा एक खांदा, अर्धी मान, कानाची पाळी. त्या खांद्याचा खरा धनी तेव्हा कुठे लांब सिनेमातलं गाणं करत असला तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. थोरला असा खांदा झाला. धाकटा त्याचा पाठचा भाऊ होताच, आता हा त्याचा पाठीचा भाऊ झाला! पुढेपुढे त्याचं नावच ते पडलं. “सजेशनला बोलवा”, “सजेशन जेवला का?”, “सजेशन, किंचित उजवीकडे… बस्स, तिथेच!” त्याचं खरं नाव ठाऊक असलेलं सेटवर एकच माणूस होतं, आणि ते बहुधा गैरहजर असायचं.

धाकट्याचे कपडे घालून, धाकट्याच्या खुर्चीत बसून थोरला समोरच्या नायिकेला धाकट्याची वाक्यं म्हणून दाखवायचा. सगळी तोंडपाठ असत. मागाहून त्याचा आवाज पुसून तिथे धाकट्याचा आवाज भरला जाई. नायिका मनानं चांगली होती. एकदा खरोखरीच रडून झाल्यावर, रुमालानं नाक पुसत ती म्हणाली,

“तुमच्यासमोर रडायला बरं वाटतं हो! ते समोर असले की त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या लाइटवर. आणि तुमचा चेहरा किती… ऐकणारा आहे. एकदा कॅमेरा तुमच्याकडे फिरवायला सांगू का?”

“नको नको!” तो एवढा दचकून म्हणाला, की ती हसायलाच लागली. “माझी पाठच बरी. चेहऱ्याचा मला काही भरवसा नाही.”

त्याला भीती होती ती निराळीच. आईनं सांगितलं होतं, तोंड दाखवू नकोस. पाठीबद्दल ती काही बोलली नव्हती! आणि या एवढ्याशा फटीतून तो रोज संध्याकाळी आईच्या घरात शिरत होता. खाली शिंप्याचं मशीन थांबलं, की तो आपला छोटा टीव्ही लावायचा आणि मनानं तिकडे जायचा… आता आई खुर्चीत बसली असेल, आता चष्मा पुसत असेल, आता हा शॉट… आता मी तुझ्या खोलीत आहे, आई! “जेवलीस का?” तो टीव्हीला विचारायचा. “गुडघा कसा आहे? तो पट्टा बांधतेस की तसाच पडलाय?” उत्तर द्यायला तिथे दुसरं कोण होतं! पण ती वीस-बावीस मिनिटं तो एकटा नसे, आणि उरलेल्या दिवसरात्रीला पुरेल एवढी ऊब तेवढ्यात गोळा करून घेई. लोक पाठ फिरवून घर सोडतात, यानं पाठ फिरवूनच घर धरून ठेवलं होतं. आपण तिथे येऊन जातो हे आईला कळत नाही, याचं त्याला समाधानही होतं आणि दुःखही.

आणि मग मालिका संपायची ठरली.

ठरवलं धाकट्यानंच. सिनेमाची कामं वाढली होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण दिग्दर्शकानं ते सहज सांगितलं तेव्हा थोरल्याला त्यात एकच गोष्ट ऐकू आली. मालिका गेली म्हणजे पाठ गेली, आणि पाठ गेली म्हणजे आईच्या घराचं दार दुसऱ्यांदा आणि कायमचं बंद!

शेवटच्या भागात नायक घर सोडून निघून जातो, असं लिहिलं होतं. धाकटा नेहमीप्रमाणे गैरहजर होता.

“आज सगळं तुझंच आहे, सजेशन,” दिग्दर्शक म्हणाला. “दारातून निघायचं, पायऱ्या उतरायच्या, त्या लांबच्या रस्त्यानं चालत राहायचं. आत सगळे हाका मारतील. मागे वळायचं नाही. काही झालं तरी नाही. समजलं?”

“समजलं.” मागे न वळण्याचा त्याला चांगलाच सराव होता.

तो चालू लागला. मागून खोट्या आईची हाक आली, खोट्या बायकोची हाक आली. पायऱ्या उतरल्यावर एकाएकी त्याच्या ध्यानात आलं, की आता ‘कट’ म्हणून ओरडतील, त्या क्षणाला आपण आईच्या खोलीतून बाहेर पडलेले असू… आणि पुन्हा आत यायला जगात कुठेच वाट नाही! खांदे आपोआप हलायला लागले. चेहऱ्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण तो चेहरा पुढच्या रिकाम्या रस्त्याखेरीज कुणालाच दिसत नव्हता. “कट!” ओरडत दिग्दर्शक पळत आला आणि म्हणाला, “अरे, काय पाठ आहे! रडलास तू पाठीनं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाटक सोडल्यानंतरची ती त्याची पहिली टाळी. त्यानं धाकट्याचे कपडे नीट घडी करून कपडेवाल्याच्या हातात दिले आणि तो घरी आला.

पुढल्या संध्याकाळी फार वाईट गेल्या. शिंपी मशीन बंद करून खाली कुलूप लावायचा, त्याचा आवाज यायचा, मग काहीच आवाज यायचा नाही. थोरला दिवा न लावता बसून राही. भुकेची वेळ कधी होऊन गेली ते त्याला कळतही नसे.

अशाच एका संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडून बघतो तर धाकटा! या खोलीत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दाढी वाढलेली… जिन्यावर कुणी ओळखू नये म्हणून केलेलं ते सोंग होतं, की खरंच हाल झाले होते, हे चटकन कळेना.

“दादा, आई जेवत नाहीये.”

“म्हणजे? बरं नाही का तिला? डॉक्टरांना दाखवलंस?”

“डॉक्टर म्हणतात काही नाही. मालिका संपल्यापासून तिचं हे असं चाललंय. त्या वेळेला उठते आणि टीव्हीसमोर जाऊन बसते. बंद टीव्हीसमोर! म्हटलं, माझा सिनेमा लावू का? तर म्हणाली, ‘त्यात सगळीकडे तूच असशील ना?’”

थोरल्याला अर्थ लागेना. धाकटा मटकन खाटेवर बसला.

“शेवटचा भाग मी तिच्याबरोबर बसून बघितला. आयुष्यात पहिल्यांदा. माझा चेहरा आला की ती उठायची. पाणी पी, खिडकी लाव, काहीतरी काढायची. आणि पाठ दिसली, की खुर्ची पुढे ओढून बसायची. एवढी पुढे, की काचेला नाक लागेल! आणि तू त्या रस्त्यानं चालत गेलास ना, तेव्हा तिनं काचेवर हात ठेवला, दादा. ‘सावकाश रे, दमलास का,’ असं काहीतरी पुटपुटत होती.” त्याचा आवाज फुटला. “तिला माहितीये. पहिल्यापासून माहितीये! मी मेला एवढा मोठा नट, आणि माझी आई माझ्या मालिकेत तुला बघत होती!”

थोरला कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीकडे बघत राहिला. म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी… आपण तिकडे जात होतो, आणि कुणीतरी खरंच दार उघडून बसलेलं होतं!

“चल घरी,” धाकटा म्हणाला. “मी सगळं सांगून टाकतो तिला.”

“खबरदार!” थोरल्यानं त्याचं मनगट धरलं. “या वयात तिला हा घाव? तिला तूच तेवढा आहेस.”

“मी कुठे आहे, दादा? मी नुसता दिसतो.”

थोरल्यानं चपला पायांत सरकवल्या. तो निघाला, पण वाटेत पुन्हा पुन्हा बजावत राहिला, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. धाकटा मान हलवत राहिला, आणि नटाच्या मान हलवण्याला किती किंमत द्यायची, हे थोरल्यानं ओळखायला हवं होतं.

आईच्या दाराशी आल्यावर धाकट्यानं थाप मारली. आत चपलांची सरपट ऐकू आली, कडी निघाली… आणि दार उघडता उघडता तो गर्रकन वळून जिन्याकडे तोंड करून उभा राहिला! तिचा शब्द मोडायचं धाडस त्याला होईना. मग एक कृश हात त्याच्या पाठीवर येऊन टेकला, दोन्ही खांद्यांवरून फिरला, मधल्या कण्यावरून खाली गेला.

“किती वाळलास रे,” आई म्हणाली. “टीव्हीत भरलेला दिसतोस.”

आणि नेमक्या त्याच क्षणी धाकट्यानं आईचे पाय धरले.

“आई, त्यानं काही केलं नव्हतं! निरोप मला आला होता. फोन मीच घेतला होता. मी—”

“ठाऊक आहे.”

धाकट्याचे हात तिच्या पायांवरून सुटले.

“फोन मीच केला होता ना?” आई हळू, अगदी संथ आवाजात बोलत होती. “पलीकडून घोगरा आवाज काढून कुणी म्हणालं, ‘देतो निरोप, बाई.’ बाई! जन्मदात्रीला बाई म्हणालास तू. आवाज बदलला म्हणून आईला पोर कळत नाही का रे? तेवढा चांगला नट तू तेव्हा नव्हतास.”

धाकटा तिथेच, दाराच्या चौकटीत कोसळला. थोरला अजून पाठमोराच होता. एवढी वर्षं छातीशी धरलेलं ते खोटं… ते कुणी खरं मानलंच नव्हतं!

“तुला माहीत होतं?” त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “माहीत होतं, आणि तरी मला… आई, मी त्या खोलीत भिंतींशी बोलायचो गं! एकदा तरी हाक मारायचीस!”

“कोणत्या तोंडानं मारू?” म्हातारी आता रडत होती. “एक बापाला सोडून उभा राहिला, आणि दुसरा त्याचं पाप अंगावर घेऊन उभा. खरं बोलले असते, तर हा मोडला असता. तू मोडणार नाहीस असं वाटलं. जे पोर सोसतं, त्याच्याच डोक्यावर ओझं ठेवतो रे आम्ही… राग याचा आला होता, काढला तुझ्यावर. आणि नंतर वाटायचं, आज बोलवीन, उद्या बोलवीन. बोलावलं तर हे सगळं बोलावं लागेल. भ्याले मी! मग संध्याकाळी तू दिसायचास, तेवढ्यावर भागवायचं.”

“म्हणजे माझं खोटं फुकटच गेलं.”

“फुकट कसं जाईल? त्याच्यावरच तर आम्ही दोघं जगलो.”

थोरल्याच्या मनात क्षणभर संतापाची लाट उसळली. पायऱ्या उतरून निघून जावं, खरोखरीची पाठ फिरवावी, असं त्याला वाटलं. हक्कच होता त्याला. पण पाठीवरचा तो हात तसाच होता, आणि त्या हाताखालून निघून जाणं त्याला जमेना.

“वळ,” आई म्हणाली. “बघू दे.”

तो वळला. डोळे मिटूनच वळला. आईनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि ती एकदम मागे सरकली.

“अगं बाई! हे काय?… अरे, तू तर म्हातारा झालास!”

कपाळावरचे केस, मिशा, भुवया… सगळं पांढरं झालं होतं. सेटवरची केसवाली बाई फक्त मागचे केस काळे करायची, पुढचे कॅमेऱ्याला लागतच नसत. आणि आई रोज ती काळीभोर मान बघून मनाशी म्हणत राहिली होती, चला, पोर अजून धडधाकट आहे, वेळ आहे, बोलवू सवडीनं! पोराचं तारुण्य दाराबाहेर उभ्याउभ्या सरून गेलं, आणि तिला त्याची वार्ताही नव्हती. ती त्याच्या गालांवरून, सुरकुत्यांवरून हात फिरवत राहिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ वेडेवाकडे होत होते, कारण कुणी समोरून बघत असताना कसं रडायचं हे तो केव्हाच विसरून गेला होता.

मग त्यानं खाली बसलेल्या धाकट्याला दंडाला धरून उठवलं. “ऊठ. जिन्यात काय बसतोस? लोक येतील-जातील, ओळखतील.”

“दादा, मला—”

“तू काही बोलू नकोस,” आई म्हणाली. तिनं धाकट्याकडे अजून पाहिलं नव्हतं, पण आत जाताना त्याच्यासाठी दार मात्र उघडं ठेवलं. “तुझं पुष्कळ ऐकलंय. आता ह्याला बोलू दे.”

तिनं थोरल्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. तो गोंधळून दोघांकडे बघू लागला. वाक्य लिहून द्यायला कुणीच नव्हतं.

“काय बोलू?”

“काहीही बोल. भूक लागली असेल तर तेच बोल.”

थोरल्यानं थोडा विचार केला.

“लागलीय,” तो म्हणाला. “आई, फार दिवसांची लागलीय.”